बायांची पिशवी उघडायची नाही

मस्तगडची वहिनी म्हणजे मी.

हे वाक्य मी आजवर कुणापुढं बोललेलो नाही. बायकोपुढं नाही, भावापुढं नाही, देवापुढंही नाही, कारण देवळात आजूबाजूला माणसं असतात. ज्यांना हे नाव आठवत असेल ते जालन्याचे लोक आता पन्नाशीच्या आसपास आले. ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंटरनेट आपल्याकडं नवंनवं होतं त्या दिवसांत जालनेकरांचा एक कट्टा होता, कॉम्प्युटरवरचा. त्यावर 'मस्तगडची वहिनी' ह्या नावानं कुणीतरी बायकांवरचे विनोद टाकायचं आणि सगळा कट्टा पोट धरून हसायचा. ती वहिनी कोण, ह्याचा गावानं दोनदा शोध लावला, आणि दोन्ही वेळा भलताच माणूस धरला. त्यातला दुसरा माणूस म्हणजे नाकेदार. खरं तर मला त्यांच्याविषयीच लिहायचं होतं. पण ते पहिलं वाक्य लिहिल्याशिवाय पुढचं काही सुचेना.

नाकेदार हे काही त्यांचं नाव नव्हे. गावाबाहेरच्या एका जकात नाक्यावर त्यांची सगळी नोकरी गेली, म्हणून ते नाकेदार. मूळचे जांब समर्थच्या बाजूचे. शेती भावांच्या हवाली करून हे शहरात आले. उंच, वाळके, आणि निवृत्तीनंतरही खाकी शर्टाला कडक इस्त्री. कुणाशीही बोलण्याची सुरुवात एकाच प्रश्नानं: "काय भरलंय?" समोरच्याच्या हातात पिशवी असो, डबा असो, की दुपट्यात गुंडाळलेलं तान्हं मूल असो.

पोत्यात खुपसून आतले दाणे बाहेर काढायची पन्हळीसारखी लोखंडी सळई असते, तिला परखी म्हणतात. नोकरी संपताना लोक शाल-नारळ घेऊन घरी येतात. नाकेदार परखी घेऊन आले. ती त्यांच्या दिवाणखान्यात टीव्हीशेजारी भिंतीला टेकवून उभी असायची. उन्हाळ्यात ते ती घेऊन मंडईत जायचे, आणि कलिंगडवाले लांबूनच त्यांना बघून मालावर गोणपाट टाकायचे. मुलाच्या लग्नाची बोलणी करायला मुलीकडचे आले तेव्हा ह्यांनी दारातच विचारलं, "संगं काय माल आणलाय?" मुलीचा बाप हुंड्याच्या भीतीनं हात जोडून उभा राहिला. नाकेदारांना त्याच्या काखेतल्या पुड्यात पेढे आहेत की बर्फी एवढंच कळून घ्यायचं होतं.

जकात बंद झाली तेव्हा हा माणूस खचला. बरेच दिवस सवयीनं त्या ओसाड नाक्यावर जाऊन बसायचा. एखादा ट्रक न थांबता धुरळा उडवत गेला की हे उठून उभे राहायचे. "कोणाला काही पडलीच न्हाई," म्हणायचे, "आत गांजा हाय का गूळ हाय, सरकारला बिलकुल घेणंदेणं न्हाई."

अशात मुलानं पुण्याहून कॉम्प्युटर पाठवला, आणि कट्टा सापडला.

कट्टा काढला होता पुण्यातच नोकरी करणाऱ्या एका जालन्याच्या पोरानं. बाहेरगावी गेलेले जालनेकर आणि इथंच राहिलेले जालनेकर त्यावर भेटायचे, भांडायचे. जातीवरून भांडणं होतील अशी त्या पोराला धास्ती होती. झाली ती बायकांवरून. सकाळ-संध्याकाळ बायकोचे विनोद. बायको आणि तिची जीभ, बायको आणि तिची गाडी, बायको आणि तिचं वजन. कट्ट्यावर बायका होत्या मोजक्या. त्यांतल्या काहींनी तक्रार केली, काही न बोलता निघून गेल्या. तेव्हा त्यानं नियम केला, की कुणीही काही लिहिलं की ते आधी रांगेत थांबेल, आणि एक जाणता माणूस वाचून 'हो' म्हणेल तेव्हाच सगळ्यांना दिसेल. जाणत्या माणसाकडं दिवसभर वेळ पाहिजे ही मुख्य अट. असा जाणता माणूस गावात एकच होता.

"काका, बायकांना लागेल असं काही जाऊ देऊ नका," पोरानं फोनवर सांगितलं.

"बेटा, माझ्या नाक्यावरून उंदीरसुदीक पावतीशिवाय गेला न्हाई," नाकेदार म्हणाले. ट्रक पुन्हा थांबायला लागले.

अडचण एकच. त्यांना टाइप करता येत नव्हतं. एकेक अक्षर शोधताना ते कळफलकावर असे वाकायचे, जणू तीळ निवडून राह्यलेत. मी त्यांच्याच गल्लीत राहायचो, बियाण्याच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायचो. मला बोलावणं आलं. त्यानंतर रोज कचेरी सुटली की मी त्यांच्याकडं. ते खुर्चीत ताठ, मी कळफलकापुढं. मी वाचायचं, त्यांनी निकाल द्यायचा, मी बटण दाबायचं. निकाल दोनच: 'पास' आणि 'माल परत'.

माल परत करताना पाठवायचा मजकूर त्यांनी एकदाच सांगून ठेवला होता: 'सदर विनोदाने स्त्रीजातीचा अवमान होत असल्याकारणाने माल परत.' हा मजकूर सांगता सांगता ते मध्येच आत ओरडले होते, "अगं ए, चहा म्हणलं ना? झोपली का?"

आतून काकू म्हणाल्या, "स्त्रीजात रॉकेल भरून राह्यली स्टोमध्ये. थांबा जरा."

विनोद अपमानाचा की निव्वळ गमतीचा, हे ठरवायला त्यांनी एक उपाय शोधला, आणि त्याला ते सासऱ्याची परखी म्हणायचे. विनोदात जिथं जिथं बायको असेल तिथं सासरा घालायचा आणि मोठ्यानं वाचायचं. तरीही चालला तर पास.

मी वाचायचो, "सासरा गावाला गेला अन् घरात शांतता नांदू लागली."

"पास. हा विनोद न्हाई, बातमी हाय."

"सासऱ्याची अक्कल गुडघ्यात."

"परत. त्यांना म्हणावं, सासऱ्यांची लेखी परवानगी आणा, मंग बघू."

लोकांनी महिनाभरात युक्ती ओळखली आणि थेट सासऱ्यांवरच विनोद पाठवायला लागले. ते भराभर पास झाले. कट्ट्यावर निम्मे लोक एकमेकांचे सोयरे. अंबडच्या एका सासऱ्यानं जावयाचा विनोद वाचून दिवाळीला लेकीला न्यायला माणूस पाठवला नाही. नाकेदारांना त्याचं दुःख नव्हतं. "कायदा सर्वांना बराबर," म्हणाले.

ह्या माणसाचा मी तेव्हा मनातून फार उपहास करायचो. आजही थोडा करतो. हे लिहितानाही हात आवरत नाही. बायकांच्या मानासाठी रोज दोन तास बसणारा हा गृहस्थ, त्या दोन तासांत आत बसलेल्या बाईला एकदाही विचारायचा नाही, की बाई गं, हे ऐकून तुला काय वाटतं. विनोद मोठ्यानं वाचले जायचे, ते स्वयंपाकघरात नीट ऐकू जायचे. पण परखी सासऱ्याची. काकूंची नाही.

आता बायांच्या पिशवीचं सांगतो, कारण सगळा घोळ तिथून आहे.

नाक्यावर त्यांचं एक तत्त्व होतं. बाईची पिशवी उघडायची नाही, गाठोडं सोडायचं नाही, डोक्यावरची पाटी उतरवायला लावायची नाही. हे तत्त्व साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक. टेंभुर्णीकडचे तूपवाले व्यापारी ट्रकमध्ये केबिनला बहीण, नाही तर भावजय बसवून आणायचे, मांडीवर गाठोडं, गाठोड्यात डबे. नाकेदार खिडकीशी यायचे, बाई दिसली की नमस्कार करून मागं सरकायचे. हाताखालचे शिपाई कपाळाला हात लावायचे.

मी एकदा विचारलं, "तुम्हाला कळत नव्हतं?"

"तुपाचा वास येत न्हाई का मला? सगळं कळत व्हतं."

"मग?"

"बाईची पिशवी उघडल्यावर आत काय निघंल ते सोडा. आपलं काय निघंल, ते बघा."

हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. आणि आवडलेल्या वाक्याचा मी काय उपयोग केला, ते आता येतं.

कट्ट्यावर मी माझ्या नावानंही लिहायचो. मोती तळ्यावरची संध्याकाळ, जुन्या जालन्यातल्या गल्ल्या, असलं. त्यावर कुणी फिरकायचं नाही. एखादा चुलतभाऊ 'छान' म्हणायचा, बस. आणि एखाद्या बाईनं नुसतं 'नमस्कार मंडळी' लिहिलं तरी पन्नास गडी स्वागताला धावायचे. मला ते सलायचं. माझं वय तेव्हा चौतीस, घरी बायको, मुलगी. सलायला नको होतं. पण सलायचं.

एकदा पगारावरून घरी बोलाचाली झाली. बायको चिडून म्हणाली, "मला हिशोब येत नाही म्हणून तुम्ही पगार दाखवत नाही, का पगार दाखवत नाही म्हणून मला हिशोब येत नाही?" मी तिच्या वाक्यातली चीड काढून टाकली, अक्कल काढून टाकली, आणि उरलं त्याचा विनोद केला. 'आमच्या ह्यांनी मला हिशोब शिकवला. आधी पैसे कुठं जातात ते कळायचं नाही. आता कळतं, पण सांगता येत नाही, कारण तीच साडी नेसून बसलेली असते.' खाली नाव घातलं, मस्तगडची वहिनी. गावातला मस्तगडच का, तर ऐकायला ठसक्याचं, आणि माझं घर तिकडं नाही म्हणून माझ्यावर संशय येणार नाही. तिकडं कुणाचं घर आहे, हे डोक्यात आलं नाही.

संध्याकाळी माझाच माल मी नाकेदारांना वाचून दाखवला. ते खी खी करून हसले.

"पास!"

मी साळसूदपणे म्हणालो, "पण हे बायकांवरच आहे. सासऱ्याची परखी लावायची ना?"

"बाईच्या मालाला परखी? शरम वाटत न्हाई का? बाई सोताला हसून राह्यली, आपण कोण अडवणारे?" मग माझ्याकडं बघून, "शिका जरा. कशी मोकळी लिहिती. न्हाई तर तुमचं ते तळं."

आतून काकूंचा आवाज आला. "मला न्हाई आलं हसू."

"तुला काय कळतं त्यातलं!" स्त्रीजातीचे रखवालदार म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर वहिनींची नुसती आरती चालली होती. मी कचेरीत बसून ती वाचली, पुन्हा पुन्हा वाचली. मग काय, माल रोज यायला लागला. बायकांना गाडी का शिकवू नये, बायकांना शिकवल्यानं भाकरी कशी करपते. जे विनोद पुरुषाच्या नावानं आले असते तर दारातूनच परत गेले असते, ते वहिनींच्या गाठोड्यातून सुखरूप आत. नाकेदार खिडकीशी येऊन नमस्कार करून मागं सरकायचे, आणि बटण मी दाबायचो. हळूहळू माल जड होत गेला. एक विनोद तर असा, की तो मी आज इथंही लिहिणार नाही. नवरा, बायको, आणि वीज गेलेली, एवढ्यावर समजून घ्यावं.

मस्तगडात कापडाचं एक जुनं दुकान आहे. घराणं राजस्थानातून कधीकाळी आलेलं, आता इथलंच. त्या घरची सून शारदाभाभी. कट्ट्यावर स्वतःच्या पूर्ण नावानं लिहिणारी जवळपास ती एकटीच. नळाला पाणी किती दिवसांनी आलं, कोणत्या शाळेत मुलींसाठी संडास नाही, असं कोरडं, थेट लिहायची. त्यावर वाहवा व्हायची नाही, पण नगरपालिकेतली माणसं वाचायची. दुकानाच्या वरच्या खोलीत मुलींसाठी कॉम्प्युटरचा वर्ग काढायचा, हे तिच्या मनात होतं. शेठजींना, म्हणजे सासऱ्यांना, मनवायला तिला वर्ष लागलं. शेवटी त्यांनी खोली रिकामी करून दिली, जुने दोन कॉम्प्युटर आले, पाटी रंगवून झाली. कट्ट्यावर तिनं लिहिलं, मुलींनी यावं, बायकांनी यावं, फी जमेल तशी. मुलींची नावं यायला लागली. सगळ्यात आधी नाव आलं नाकेदारांचं.

"काकाजी, मुलींचा क्लास आहे," ती त्यांना म्हणाली.

"मी कोपऱ्यात बसंन. मला टाइप करणं शिकव. ह्यांच्यावर किती दिवस अवलंबून राहायचं?" 'ह्यांच्यावर' म्हणजे माझ्यावर.

मस्तगड, बाई, आणि कॉम्प्युटर. गावानं तिन्हींची बेरीज केली आणि उत्तर शारदाभाभी आलं. दुकानात गिऱ्हाईकं विनाकारण यायला लागली. पीस उलगडायला लावायचे, भाव विचारायचे, आणि जाताना गल्ल्याजवळ वाकून, "भाभी, काल लाईट गेल्ती का?" म्हणून एकमेकांना टाळ्या द्यायचे. तिला आधी कळेना. कळलं तेव्हा शेठजींनाही कळलं होतं. मोंढ्याच्या बाजारात एका आडत्यानं त्यांना तो विनोद आख्खा ऐकवला, सुनेचं कौतुक म्हणून. त्याच दुपारी कॉम्प्युटरवर कापडाच्या गाठी चढल्या. पाटी उलटी करून जिन्याखाली ठेवली गेली.

ती नाकेदारांकडं आली तेव्हा मी कळफलकापुढं बसलेलो. सोबत नणंद होती. उभ्यानंच बोलली.

"काकाजी, ती कोण आहे ते सांगा. तुम्हाला आतून दिसतं ना सगळं?"

"बाईचं नावगाव मी सांगत न्हाई, पोरी. तुझा पत्ताबी कोणाला दिला न्हाई कधी."

"ती बाईच आहे कशावरून?"

ह्या प्रश्नानं नाकेदार गडबडले. इतकी वर्षं ट्रकच्या केबिनमध्ये जे दिसलं ते साडीत होतं. साडीच्या आत बाई आहे का, हे तपासायची वेळच आली नव्हती.

"उघडून बघा ना," ती म्हणाली. "नावावर टिचकी मारली की ईमेलचा पत्ता दिसतो. मला एवढं पाहिजे. पुढच्या सोमवारी वर्ग सुरू व्हायचाय. बाबूजींना दाखवायला मला काहीतरी पाहिजे, की ती मी नाही."

पत्ता उघडला असता तर माझा निघाला असता. नवीन पत्ता काढायचाही मी आळस केला होता, इतका माझा नाकेदारांच्या तत्त्वावर विश्वास.

नाकेदार माझ्याकडं वळले. "तुम्ही काय म्हणता? उघडायची का?"

मी म्हणालो, "तत्त्व ते तत्त्व. आज एकीची उघडली तर उद्या सगळ्यांच्या उघडाव्या लागतील."

शारदाभाभी माझ्याकडं बघत राहिली. मी पडद्याकडं वळलो आणि कुणाचा तरी वाढदिवसाचा संदेश पास केला.

दुसऱ्या दिवशी मी जायचं टाळलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारचं पोरगं पाठवून बोलावलं. गेलो तर नाकेदार नेहमीच्या खुर्चीत, नेहमीच्या इस्त्रीत.

"बसा. मजकूर घ्यायचाय." मी बसलो. "काल सकाळी पिशवी उघडली," ते म्हणाले. "आयुष्यात पहिल्यांदा उघडली. आत बाई न्हाईच."

मला वाटलं आता नाव घेतील. त्यांनी घसा खाकरला.

"लिहा. 'सर्व जालनेकरांस कळवण्यात येते की, मस्तगडची वहिनी या नावाने आलेला सर्व मजकूर मीच लिहिलेला आहे. त्याच्याशी मस्तगडातील कोणत्याही भगिनीचा काडीमात्र संबंध नाही. झाल्या प्रकाराबद्दल मी दिलगीर आहे.' खाली माझं नाव. पूर्ण."

मी कळफलकावरून हात उचलले.

"लिहा की. काय झालं?"

"पण तुम्ही..."

"माल माझ्या नाक्यावरून सुटलाय. नाक्यावर खुर्चीत मी व्हतो." मग कळफलकाकडं बोट करून, "लिहा. स्पेलिंग बराबर टाका."

मी लिहिलं. त्यांनी आज्ञा केली तसं बटणही दाबलं. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. एक कप त्यांच्यापुढं ठेवला. दुसरा माझ्यापुढं ठेवला, आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या,

"घ्या, वहिनी."

नाकेदार खिडकीबाहेर बघत होते. मी तो चहा प्यालो. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

ह्या त्यागाच्या पोटी फार मोठं मन शोधू नये. मी खूप वर्षं विचार केला आहे, आणि माझा कयास असा, की त्यात उदारपणा कमी आणि ताठा जास्त होता. आपल्याच कारकुनानं आपल्याच तत्त्वाखालून रोज ट्रक काढले, हे चारचौघांत कळण्यापेक्षा आपण स्वतः चोर ठरलेलं बरं. हा कयास मला सोयीचा आहे, हेही मला कळतं.

पण तो माणूस नुसतं लिहून थांबला नाही. कोट चढवला, आणि माझ्याच स्कूटरवर मागं बसून शेठजींच्या दुकानात आला. मला म्हणाले, "तुम्ही काही बोलू नका." मी बोलणार नव्हतोच.

शेठजी गादीवर. सगळं ऐकून घेतलं. "साहेब, तुम्ही?" म्हणाले. "ह्या उमरमध्ये?"

"हो."

"वो लाईटवाला भी?"

नाकेदारांचा चेहरा कडू झाला. "तोबी."

शेठजींनी पाणी मागवलं. "बहू बेकसूर हाय, मान्य. मी तिला काही बोलणार नाही. पण साहेब, गिऱ्हाईकाच्या तोंडात तिचं नाव आलं ना एकदा? ते आता मी कसं काढू? आता क्लास-वास राहू द्या."

"शेठजी, पोरींनी नावं दिलीत."

"पैसे वापस करून टाकू."

शारदाभाभी जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी होती. ती नाकेदारांना म्हणाली, "काकाजी, तुम्हाला तर टाइप करता येत नाही. माझ्याकडं शिकायला येणार होता तुम्ही."

ती पायरी उतरून खाली आली.

"मग टाइप कोण करायचं?"

नाकेदार उठले. "ते नाक्याचं काम हाय, पोरी. नाक्यातच राहू दे." मी समोरच्या साडीची किंमत वाचत होतो. तिनं पुन्हा विचारलं नाही.

पुढं जे व्हायचं ते झालं. पुण्याच्या पोरानं नाकेदारांना कट्ट्यावरून काढलं, मोठ्या दुःखानं, आणि त्यांच्या जागी मला नेमलं, मोठ्या विश्वासानं. गावानं त्यांना वहिनी म्हणायला सुरुवात केली. एका लग्नात कुणीतरी टवाळानं हळदी-कुंकवाचं ताट त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी बोटभर कुंकू घेऊन त्याच्याच कपाळाला लावलं आणि म्हणाले, "अखंड सौभाग्यवती व्हा." पण एक गोष्ट त्यांना शेवटपर्यंत खुपली. भेटले की रस्त्यात थांबवून म्हणायचे, "लोकांना खरंच वाटतं का हो, इतके फालतू जोक मी लिहीन? हिशोबाचा ठीक होता. बाकी सगळा रद्दी माल." एवढं म्हणून माझ्याकडं रोखून बघायचे. मी मान हलवायचो. ह्याच्या पलीकडं ते कधी गेले नाहीत, आणि मीही नाही.

माझ्या हाताखाली कट्टा फार स्वच्छ झाला. वहिनी गेल्यावर तसा विनोद लिहिणारं कुणी धड राहिलंच नव्हतं. महिला दिनाला एका मंडळानं माझा सत्कार केला, स्त्रियांचा सन्मान जपणारा युवक म्हणून. युवक! शाल होती, नारळ होता. बायको पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. पगार मी तिला तेव्हाही दाखवत नव्हतो.

नाकेदार जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या दहाव्याला मी गेलो होतो. तिथं कोपऱ्यात दोघं हळूच बोलत होते, "ते वहिनीचं काय होतं रे?" आणि हसले. तेव्हाही सांगता आलं असतं. माणसं जमलेलीच होती.

तो कट्टा बंद पडला. शेठजीही गेले. दुकान आता शारदाभाभी चालवते, गल्ल्यावर तीच बसते. वरच्या खोलीत अजून गाठीच आहेत, असं ऐकतो. मी त्या रस्त्यानं जात नाही. कापड दुसरीकडून घेतो.

हे लिहून झालं, पण लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे, एवढं मला कळतं. ज्या मुलींनी तेव्हा नावं दिली त्या सगळ्यांना मी शोधू शकत नाही. नाकेदारांचं नाव धुऊन काढायला मात्र एक साक्षीदार हयात आहे. दिवसाढवळ्या, दुकानात गिऱ्हाईक असताना, मला शारदाभाभीपुढं उभं राहून सांगायचं आहे की टाइप करणारा मी होतो, लिहिणाराही मीच, नाकेदार नव्हते, आणि तिचा वर्ग माझ्यामुळं बंद पडला. हे मी अजून केलेलं नाही.